आपली आज्ञाधारक म्हैस

एप्रिल महिना, सकाळची शाळा, अमळनेर तालुक्यातलं खेडं. नऊ वाजत नाहीत तोच वर्गावरचे पत्रे कडकडायला लागतात. अशात चौथीला ‘पटवून देणारं लेखन’ शिकवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, आणि तेही चित्रांच्या पुस्तकातून.

पुस्तक अमेरिकेचं, २००० सालचं. डोरीन क्रोनिन यांनी लिहिलेलं, चित्रं बेट्सी लेविन यांची. गोठ्यातल्या गायींना जुना टाइपरायटर सापडतो. त्या मालकाला चिठ्ठी टाइप करतात, की रात्री थंडी वाजते, विजेवरची पांघरुणं द्या. मालक साफ नाही म्हणतो. गायी दूध बंद करतात. मी एकेक चित्र दाखवत मराठीतून सांगत निघाले आणि पांघरुणापाशीच अडकले.

“मॅडम, गायले थंडी वाजस?” शर्टाच्या बाहीने घाम पुसत पहिला प्रश्न आला.

तिकडे बर्फ पडतो, हे सांगून झालं. कोणी ऐकेना. वर्गाने एकमताने गोष्ट दुरुस्त केली: गाय गेली, म्हैस आली, पांघरूण गेलं, पंखा आला. मागच्या पट्टीवरून घोषणाही सुटली, “पंखा नही, दूध नही!” शेजारचे सर डोकावून गेले. त्यांना वाटलं, निवडणूक लागली.

मग म्हशीतर्फे मालकाला पत्र लिहायला सांगितलं. बहुतेक पत्रांत ‘कृपया’ चार-पाच वेळा, कारण एकही नाही, आणि शेवटी ‘आपली आज्ञाधारक म्हैस’. चूक मुलांची नाही. विनंतीपत्राच्या नावाखाली आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं हात जोडायला शिकवतो. मी फळ्यावर लिहिलं: मागणी, कारण, पुरावा. आणि खाली, समोरचा काय म्हणेल व त्याला उत्तर काय. हे शेवटचं कुणाच्या पचनी पडेना. समोरच्याचं म्हणणं आपणच कशाला सांगायचं?

तेव्हा एक बारकी मुलगी उठली. तिची आई बाजारात भरताची वांगी विकते. “आई सांगते ना,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक बोलायच्या आधीच म्हणते, ताई, तुम्ही म्हणाल महाग आहे. पण हे बघा.” तिने हातातला खोडरबर वांग्यासारखा नखाने उभा चिरून दाखवला. “बिया नाहीत, कीड नाही. भाजून नाही आवडलं तर पैसे परत.”

माझा पाऊण तासाचा पाठ तिने खोडरबरावर संपवला. शिवाय खोडरबर शेजारणीचा होता. पुढची पाच मिनिटं त्या शेजारणीला पटवण्यात गेली.

शनिवारी माझ्या टेबलावर पत्र होतं. मागणी: वर्ग निंबाखाली भरवावा. कारण: ऊन. पुरावा: विज्ञानपेटीतला तापमापक, वर्गात ३९, झाडाखाली ३४, दोन्हीकडे तीन-तीन मुलांच्या सह्या. त्याखाली: ‘मॅडम म्हणतील, झाडाखाली लक्ष लागत नाही. पण लक्ष वर्गातही लागत नाही. काल मॅडमनाच दोनदा जांभई आली. ती सगळ्यांनी पाहिली.’

आज्ञाधारक कुठेच नव्हतं. मी सतरंजी उचलायला सांगितली.

निंबाखाली खरंच बरं वाटलं. वरून कावळ्याने आपलं मत हजेरीपटावर नोंदवलं तेवढंच. तिथे बसून मी गोष्ट पूर्ण केली. पुस्तकात शेवटी बदक मध्यस्थी करतं: टाइपरायटर मालकाला, पांघरुणं गायींना. पण तो टाइपरायटर परत द्यायच्या ऐवजी बदकंच वापरतात आणि तळ्यात उड्या मारायला फळी मागतात. मुलं पोट धरून हसली. मीही हसले, आणि वर बघितलं तर समोर तिसरीचे चार प्रतिनिधी उभे.

“मॅडम, आमनीबी एक मागणी शे.”

पुढच्याच्या हातात कागद होता. मागच्याची मूठ घट्ट मिटलेली, आणि मुठीत काहीतरी वळवळत होतं.

“हाऊ पुरावा,” तो म्हणाला.