जरा जवळ घे की

बेळगावात शिवजयंती वैशाखात. 19 फेब्रुवारीला काय व्हायचं ते होतंच, पण चित्ररथ निघतात ते भर उन्हाळ्यात, आणि मिरवणूक बघायला संध्याकाळी बाहेर पडलेला माणूस पहाटे चपला हातात घेऊन घरी येतो. यंदा आमच्या मंडळाने पावनखिंड घेतली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलची खिंड, मधोमध दोन तलवारी घेतलेले बाजीप्रभू, आणि इतिहासातले 300 मावळे इथे जागेअभावी 14. त्यातला एक आमचा सोन्या.

शूटिंग मी मेव्हण्याच्या माडीवरून केलं. माडी रामलिंगखिंड गल्लीत. म्हणजे आमची पावनखिंड रामलिंगखिंडीतून जात होती, एवढंच काय ते मला त्या रात्री सुचलेलं चांगलं वाक्य. बायको म्हणाली, "खाली उतरा, जवळ जाऊन काढा." मी म्हणालो, "झूम आहे की." आणि दोन बोटांनी पडदा ओढला.

रविवारी टीव्हीवर लावलं. ट्रॅक्टर दिसला, कुल्फीची गाडी दिसली, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादरसुद्धा दिसली. निपाणीहून खास आलेली आत्या म्हणाली, "आमचं लेकरू कुठं आहे ह्यात?" मी उठून बोट ठेवून दाखवलं.

"ते होय? मला वाटलं फुगा अडकलाय."

आई म्हणाली, "जरा जवळ घे की रे." शेजारच्या अक्काही आल्या होत्या. त्यांनी दुजोरा दिला, "हूं, इन्नू स्वल्प हत्तिर." दोन भाषांतून एकच मागणी आल्यावर या भागात माणसाला सुटका नसते.

मग रात्री लॅपटॉपवर ते एडिटिंगचं फुकटातलं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात स्केल नावाचा आकडा असतो, 100 वर उभा. मी तो 200 केला. सोन्याचा मोठा फुगा झाला. 400. फुग्याला मुंडासं फुटलं. 600 वर नेला तेव्हा लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला आणि पडद्यावर जे आलं ते पोहे होते. भिजवलेले, हळद घातलेले पोहे. रात्रीचं शूटिंग, मोबाइलचा एवढासा सेन्सर; अंधारातला तो सगळा रवाळपणाही सहापट झाला होता.

दुसऱ्या दिवशी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या पोराला गाठलं. तो चहा पीत होता. "काका, 4के मध्ये काढायचं होतं. 3840 बाय 2160. मग फुल एचडीत 200 टक्के झूम केला तरी काही बिघडत नाही. तुम्ही कशात काढलाय?"

"फुल एचडी."

"आणि झूम किती?"

"600."

त्याने कप खाली ठेवला. मग टपरीच्या फळकुटावर बोटाने हिशेब मांडून दाखवला. फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080, वीस लाखांवर ठिपके. 600 टक्के केलं की त्यातला 320 बाय 180 एवढाच तुकडा उरतो, आणि तोच ताणून अख्खा पडदा भरायचा. एका ठिपक्याच्या जागी 36. वरचे 35 कुठून आणायचे? तर सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांकडे बघतं आणि अंदाजाने मधलं भरतं.

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या गल्लीत हेच चालतं. माणूस दोन दिवस दिसला नाही की इकडचं शेजारघर आणि तिकडचं शेजारघर मिळून मधलं भरून काढतात.

"त्यात शूटिंग करतानाच बोटांनी ओढलाय," पोरगा म्हणाला. "तुमच्या मोबाइलला एकच लेन्स. म्हणजे तिथंही कापून ताणलेलंच. पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या आमटीत तुम्ही परत तांब्या ओतलाय."

तरी मी सोडलं नाही. ट्रॉली हिसके खात सरकत होती, म्हणून सोन्या चौकटीतून निसटू नये यासाठी की-फ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी चौकट कुठे हवी त्याच्या खुणा, टाकत बसलो. एक इथे, एक तिथे, मधली वाट सॉफ्टवेअर काढतं. पण ट्रॅक्टर सरळ रेषेत थोडाच जातो? 40 सेकंदांचा तुकडा, सेकंदाला 30 फ्रेम. 1200 फ्रेममध्ये मी पोराच्या मागे मागे फिरलो. जत्रेतसुद्धा एवढा फिरलो नव्हतो. शिवाय माडीवर माझा हात एक ठिपका हलला असेल तिथे सोन्या सहा ठिपके उडत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमले. मी दिवा घालवला. पडद्यावर भाला धरलेला, तांबूस, डगमगणारा एक ढग आला.

"दारू प्यायल्यासारखा का हलायलाय गं?" आत्या पुटपुटली. पण आईने चष्मा पुसला आणि तिचा आवाज बदलला. "नाक बघ. अगदी ह्यांचं नाक." मेव्हण्याला हनुवटी त्यांच्या घराण्याची वाटली. आत्याला कपाळ निपाणीचं वाटलं. मी गुणाकार केला होता. त्या चेहऱ्याला मुळात रुंदीत 20 ठिपके होते आणि नाकाच्या वाट्याला फार तर चार. तेवढ्यात तीन घराणी मावली. आत्याने टीव्हीचा फोटो काढून डीपीला लावलासुद्धा.

सोन्या क्रिकेट खेळून आला. दारातूनच एकदा बघितलं. "हा ट्रॅक्टरवाल्याचा भाऊ."

"मग तू कुठं होतास?"

"मी तेव्हा मेलो होतो की, पप्पा." त्याने समजावून सांगितलं. सारखं उभं राहून पाय दुखतात म्हणून मंडळाने पाळ्या लावल्या होत्या. अर्धा तास लढायचं, अर्धा तास मरायचं. रामलिंगखिंड गल्लीत त्याची मरायची पाळी होती.

कुणी काही बोलेना. आत्या मोबाइल उलटा ठेवून चहाकडे वळली. डीपी काही काढला नाही. सोन्याने पडद्यापाशी जाऊन खालचा कोपरा दाखवला. ट्रॉलीच्या फाळक्यावरून एक हात बाहेर आलेला. हातात काहीतरी पांढरं.

"ताकाची पिशवी," तो म्हणाला. "उकडत होतं."

आई पुढे सरकून बसली. अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्केलचा आकडा 800 केला.