लवकर पोचलं की गुण का कापतात?

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचा राग थोडक्यात असा: मागच्या लेखात मी कॉम्पिटिटिव्ह ट्रेल रायडिंगची, म्हणजे घोड्याची तब्येत आणि स्वाराचं कौशल्य यांना गुण देणाऱ्या लांबच्या घोडेस्वारीची तळी उचलली, पण तिथे परीक्षकाची मर्जी चालते; एंड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोड्यांच्या शर्यतीत, मात्र घोडा आणि घड्याळ, मध्ये कुणी नाही. शिवाय लवकर पोचणाऱ्याचे गुण कापणं हा तुमच्या मते शुद्ध वेडेपणा.

त्या वेडेपणापासूनच सुरुवात करते, कारण मेख तिथेच आहे. नॉर्थ अमेरिकन ट्रेल राइड कॉन्फरन्स ही अशा गुणांच्या राइड भरवणारी अमेरिकी संघटना १९६१ची. तिच्या राइडमध्ये कमाल वेळ असते तशी किमान वेळही असते. म्हणजे एका गटातले सगळे घोडे तीच वाट जवळपास तेवढ्याच वेळात कापतात. थांब्यावर आल्यावर दहा मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजतात. एकाची नाडी मिनिटाला ४४ आणि दुसऱ्याची ६० भरली, तर त्याचं कारण वेगात शोधता येत नाही. ते घोड्याच्या तयारीत सापडतं, किंवा स्वाराने चढावर त्याला कसं हाकलं त्यात. वेळ मोकळी सोडा, मग एक घोडा दमलेला का आणि दुसरा ताजा का, हे सांगून दाखवा!

आता तुमचं घड्याळ. अमेरिकेत ए.ई.आर.सी. या एंड्युरन्सच्या संघटनेच्या (स्थापना १९७२) राइडमध्ये ५० मैलांना १२ तास, १०० मैलांना २४. पण व्हेट चेकला, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्याच्या तपासणीच्या थांब्याला, पोचलात म्हणून सक्तीची विश्रांती लगेच मोजायला लागत नाहीत. नाडी ठरलेल्या आकड्याखाली, बहुधा ६० किंवा ६४, उतरली की मगच. भरधाव येऊन धापा टाकणाऱ्या घोड्याने जी मिनिटं कमावली, ती तिथेच जातात. त्यानंतर व्हेट कातडी चिमटीत धरून सोडतो, हिरडी दाबून रंग किती वेळात परततो ते बघतो, पोटाचे आवाज ऐकतो, दुडक्या चालीने पळवून पाय बघतो. ‘किंचित लंगडतोय’ हे कुठलं घड्याळ सांगतं? माणसाचा डोळाच सांगतो. शेवटची रेघ पहिल्यांदा ओलांडूनही घोडा या तपासणीत बाद होऊ शकतो. म्हणजे परीक्षक दोन्हीकडे आहे. एकीकडे तो गुण देतो, दुसरीकडे पास-नापास ठरवतो.

आणि एंड्युरन्सवाल्यांनाही नुसतं पास-नापास पुरलं नाही, बरं का. पहिल्या दहांतून ‘बेस्ट कंडिशन’चा, म्हणजे सगळ्यात चांगल्या तब्येतीत पोचलेला घोडा निवडतात तेव्हा ८०० पैकी ५०० गुण व्हेटच्या हातात असतात, वेळेला २०० आणि स्वार-खोगिराच्या वजनाला १००. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस या शंभर मैलांच्या राइडमध्ये तर १९६४पासून यासाठी वेगळा हॅगिन कप आहे.

एक मुद्दा मात्र तुमचा सोळा आणे खरा. ट्रेल रायडिंगमध्ये स्वाराच्या कौशल्याचे गुण देणारा परीक्षक तुम्हाला आडव्या ओंडक्यापाशी किंवा ओढ्याच्या काठी मिनिटभर बघतो आणि त्यावर मत बनवतो. त्यात आवडनिवड येते, अन्याय होतो. फक्त तो हिशेब घोड्याच्या गुणांपासून वेगळा असतो, आणि गुणपत्रिका हातात मिळते, त्यामुळे भांडायला निदान कागद तरी असतो.

तुम्ही ज्याला घड्याळाचा प्रामाणिकपणा म्हणता, त्याची दुसरी बाजूही बघा. संयुक्त अरब अमिरातीत सपाट वाळवंटातल्या वेगवान शर्यतींत घोड्यांचे पाय मोडले, घोडे मेले. २०१५मध्ये घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तिथल्या संघटनेला निलंबित केलं. नियम तिथेही नाडीचेच होते. हे खापर अमेरिकी क्लबांवर फोडणार नाही. ‘पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं’ हे त्यांचं ब्रीद आहे आणि बहुतेक स्वार ते पाळतात. उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर पळणारे स्वार मला फार आवडतात. गॉर्डी एन्सली हा तर १९७४मध्ये घोड्याविनाच टेव्हिसची वाट २४ तासांच्या आत पळाला, आणि त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही माणसांची शंभर मैलांची शर्यत उभी राहिली.

नवख्याने कुठून सुरुवात करावी, असं शेवटी विचारलंत. गुणांच्या राइडच्या नवशिक्या गटातून. गुणपत्रिकेवर नाडीचे आकडे बघा, पाठीवर खोगीर कुठे घासलं ते वाचा, ते दुरुस्त करा. मग एंड्युरन्समधली छोट्या पल्ल्याची, २५ मैलांची लिमिटेड डिस्टन्स. तिथे रेघ ओलांडली की नव्हे, घोड्याची नाडी ६०वर आली की तुमची वेळ थांबते. तेव्हा शेवटचा मैल चालत या.