विनाकारण जिना चढणाऱ्यांसाठी सूचना

परवा आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली. ‘काही सभासद पाण्याच्या बाटल्या भरून गच्चीवर नेत असल्याचे निदर्शनास आले आहे. टंचाई लक्षात घेता हा प्रकार तात्काळ थांबवावा. तसेच विनाकारण जिन्याचा वापर टाळावा.’ खाली अंगठ्यांची रांग. माझ्या शेजाऱ्याचाही अंगठा होता. हा गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टने येतो.

ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं आहे. उंची 5,364 मीटर. तयारी किमान तीन महिने आधी सुरू करायची असते आणि लातुरात चढायला काही नाही. हत्तीबेट आहे, पण ते उदगीरकडे. रोज पहाटे कोण जाणार? उरला जिना. पार्किंगपासून गच्चीपर्यंत पाच मजल्यांची चढण, मजल्याला 3 मीटर धरले तर 15 मीटर. बेस कॅम्पच्या वाटेवरच्या नामचे बाजार या गावाच्या आधी नदीवरचा झुलता पूल ओलांडला की सलग 600 मीटरच्या आसपास अंगावर येणारा चढ आहे. म्हणजे आमची गच्ची चाळीस वेळा. हा हिशेब कुणाला सांगू नये.

पाठीवर वजन हवंच. हमाल मोठी बॅग नेतो, पण पाणी, जाकीट, रेनकोट असं पाच-सात किलो आपल्याच खांद्यावर असतं. सरावाला दोन लिटरच्या चार बाटल्या पुरतात. दगड किंवा डाळीच्या पिशव्या घेऊ नयेत, पाणीच घ्यावं, कारण ते वर ओतून रिकामं उतरता येतं. गुडघे चढताना नाही, उतरताना जातात. मी ते पाणी ओततो कुठं, तर गच्चीवरच्या टाकीत. खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत, मोटार न लावता, विजेचा एक पैसा न जाळता! आणि चोर मी. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बाटलीकडे संशयानं बघतात हे समजतं. पण टाकीचं झाकण उघडून बघायला काय हरकत होती?

सूचनेचे कर्ते भाऊसाहेब. निवृत्त तलाठी. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि चार बोटांनी थांबवतात.

“काय करायलाव ओ सर हे?”

सांगितलं.

“मंजे एव्हरेस्ट चढायलाव?”

“नाही. बेस कॅम्प. पायथ्यापर्यंत.”

“पायथ्याला जायला एवढी तयारी? पायथ्याला तर गाडी जायला पाहिजे.”

गाडी नाही, लुक्लापर्यंत छोटं विमान आणि पुढं जाऊन-येऊन बाराएक दिवस पायी, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला. “बरं, तिथून शिखर चांगलं दिसत असंल?”

इथं खोटं बोलायला हवं होतं. “बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही, भाऊसाहेब. आड डोंगर येतो. त्यासाठी काला पत्थर म्हणून वेगळी चढण आहे, साडेपाच हजार मीटरच्या वर.”

“मंजे तुळजापूरला जायचं अन्‌ महाद्वारातून माघारी फिरायचं.” बराच वेळ ते गप्प राहिले. मग मूळ मुद्द्यावर आले. “ती जागा कुणाच्या नावावर हाय?”

“राष्ट्रीय उद्यान आहे. आणि खाली जमीन नाही, हिमनदी आहे. बर्फ.”

“बर्फ? मग चतुःसीमा कशा लिहिल्या?”

“ती सरकतेसुद्धा. दरवर्षी थोडी थोडी.”

भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. आयुष्य बांध सरकवणाऱ्यांची भांडणं मिटवण्यात गेलं त्यांचं. “सरकती? अन्‌ लोक पैसे देऊन तिथं जातेत? सर, ज्याचा सातबारा निघत नाही, तिथं पाय ठेवू नये माणसानं.”

जाता जाता कापराची पुडी न्यायचा सल्ला दिला. हा सल्ला मला प्रत्येक नातेवाइकानं दिलाय. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा; कापरानं त्यात भर पडत नाही. जिन्यानंही पडत नाही, हे भाऊसाहेबांना कळू नये. पाय तयार होतात, रक्त नाही. उलट तंदुरुस्त पोरंच घाईनं वर जातात आणि डोकं धरून बसतात. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा. म्हणून नामचे आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. तिनं बोटांना मुंग्या येतात, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. डोकं दुखून उलटी झाली तर पुढं जायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली.

बॅगेचं वेगळंच. लुक्लाच्या विमानाला माणशी साधारण 15 किलो, त्यात घरच्यांनी शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि सहा सुती बनियन भरून ठेवलेत. सुती बनियन घामानं भिजला की वाळत नाही आणि थंडीत छातीला चिकटून बसतो. हे मी तीनदा सांगितलं. बनियन अजून बॅगेतच आहेत.

आणि विनाकारण जिना म्हणे! पहिल्या वळणावर दोन सायकली, दुसऱ्यावर मोडका कूलर, तिसऱ्यावर कुणाच्या लग्नात आलेलं कपाट. ते सकारण आहे. वीज गेली की हेच लोक कठडा धरून, दर मजल्यावर महावितरणचा उद्धार करत चढतात, तेव्हा सूचना निघत नाही.

मी लेखी अर्ज दिला. कारण: गुडघे. भाऊसाहेबांनी तो लाल शाईचा शेरा मारून परत केला. जिन्याच्या वापराचे प्रयोजन सविस्तर लिहावे, प्रवासाचा पुरावा जोडावा, विषय मासिक बैठकीत ठेवू. बैठकीला गेल्या दिवाळीपासून गणपूर्ती झालेली नाही.