खुलासा : विंडोज १० चे कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत

अमळनेर-चोपड्याकडच्या ग्रुपांवर फिरतंय : 'विंडोज १० बंद झालं, जुने कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत, खालच्या लिंकवरून विंडोज ११ टाका.' परवा मीही न तपासता हे पुढे ढकललं. चूक माझीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले, हे खरं. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीन मात्र चालतंच. आमचा इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर, कॅबिनेट उघडलं की कपाशीची धूळ निघते, त्यावरच हे टाइप करतोय. विंडोज ११ चालेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं तर विंडोज ११ ला साफ नकार. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रॅम वाढवून भागत नाही.

विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम म्हणजे लिनक्स मिंट. ते ४ जीबी रॅमवर बरं चालतं, पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं बघताही येतं. पण टाकण्याआधी फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ दुसरीकडे काढून ठेवा. डिस्क पुसली की गेलं.

ती लिंक मायक्रोसॉफ्टची नाही, उघडू नका. माझा मेसेज पुढे पाठवला असेल तर भाऊ, तो डिलीट करा अन् तिथे हा टाका.