लेकीला बापच दाखवायचा आणि त्याला शुद्ध रक्त म्हणायचं?

खेड तालुक्यात माझ्या मामांचा नऊ गीर गायींचा गोठा आहे. वळू एकच, राजा. परवा मामांचा फोन आला, "दोन कालवडी राजालाच दाखवल्या. मेसेज वाचला नाहीस का?" त्या कालवडी राजाच्याच लेकी आहेत.

तो मेसेज मला इथे पुण्यात चार ग्रुपांवर येऊन गेला होता, मी न वाचता पुसला. आता वाचला. म्हणे देशी रक्त शुद्ध ठेवायचं तर घरचाच वळू घरच्या कालवडींना लावा, दूध वाढेल. जनावरं नाती मानत नाहीत. कांडीत, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळीत, रसायनं असतात. आणि पुरावा काय, तर अमेरिकेतल्या ‘चीफ’ वळूने घरातल्या घरात पैदास करून जगाचं दूध वाढवलं!

चीफचं नाव घ्यायलाच नको होतं. १९६२ चा हा होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीचा वळू. त्याच्या लेकी सोळा हजार, नाती पाच लाख, पणत्या वीस लाखांवर. दूध वाढलं, खरंच. पण त्याच्या रक्तात एक बिघडलेलं जनुक होतं. ते एकाच बाजूने आलं तर गायीला काही होत नाही, आई-बाप दोघांकडून आलं की गर्भ पोटातच मरतो. २०१६ साली ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मध्ये हिशेब छापून आला: या एका दोषापायी जगभरात सुमारे सव्वापाच लाख गर्भ गेले, नुकसान ४२ कोटी डॉलर. संशोधकांनी त्याच्या वंशाच्या दुधाचा फायदा याच्या कितीतरी पट, तीन हजार कोटी डॉलर धरलाय, हेही सांगतो, जिवावर आलं तरी. पण फायदा झाला तो चीफच्या चांगल्या गुणांमुळे. गर्भ मेले ते त्याचीच पिलावळ एकमेकांना भिडली म्हणून. मेसेजवाल्याने नेमकं उलटं लावलंय.

आता राजा. त्याच्यात असाच एक दोष लपलेला असेल, तर निम्म्या लेकींत तो उतरणार, आणि त्या पुन्हा राजाला दाखवल्या की चारातला एक गर्भ जाणार. सगळ्या लेकी धरल्या तर आठात एक. दिसणार काहीच नाही. गर्भ लवकर गेला तर मामा म्हणतील, “गाय उलटली, पुन्हा माजावर आली”, आणि पुन्हा राजालाच दाखवतील.

दुधाचंही ऐका. व्हर्जिनियातल्या १९९८ च्या अभ्यासात रक्तसंबंध, म्हणजे आई-बाप किती जवळच्या नात्यातले याचं वासरातलं माप, एक टक्का वाढला की होल्स्टीनचं पहिल्या वेताचं दूध ३७ किलोने घटलं आणि उत्पादक आयुष्य १३ दिवसांनी. बाप-लेकीच्या वासरात हा आकडा २५ टक्के असतो. गीरला तेच किलो लावू नका, दिशा मात्र तीच. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न चालतं, तिथे तो सव्वासहा. नातीच्या स्थळाचं गोत्र तीनदा विचारणारे मामा गोठ्यात चौपट जवळचं नातं जुळवतात!

शुद्ध रक्ताचं म्हणाल तर दुसऱ्या घराण्यातला गीर वळूही गीरच असतो. जवळच्या नात्यातून गुण पक्के होतात, जुन्या पैदासकारांनी ते केलंही, पण वाईट निपज निर्दयपणे काढून टाकत. मामांना एक गोऱ्हा विकवत नाही.

जनावरं नाती मानत नाहीत, बरोबर. पण रानात म्हातारा वळू कळपावर कायमचा टिकत नाही, दावणीला टिकतो. कांडीतलं ‘रसायन’ म्हणजे बहुधा अंड्याचा बलक, ग्लिसरीन आणि थोडं प्रतिजैविक. एकाच वळूच्या कांड्या गावभर वाटल्या तर तिथेही हाच घोळ होतो, एवढं मान्य. म्हणून कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहायचा.

मामा, उरुळी कांचनला बायफ या पशुपैदाशीत काम करणाऱ्या संस्थेचं रेतन केंद्र आहे, वेगळ्या घराण्यातल्या गीर वळूची कांडी मिळेल का ते विचारू. राजाला विकू नका, दुसऱ्या गोठ्याशी अदलाबदल करा. आणि ती तिसरी कालवड, कपाळावर चांदा असलेली, तोवर त्याच्यापासून लांब बांधा.