टेप आमच्याकडे आहे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. त्या दिवसांत पुणेकरांनी रेडिओवर नेमके काय ऐकले, हे शोधून काढण्याची दुर्बुद्धी मला झाली. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्येच सुरू झालेले असल्यामुळे निवेदक होते, श्रोते होते. मिळत नव्हते ते ध्वनिमुद्रण. एका संग्रहातील गृहस्थांनी मला समजावले, की थेट प्रसारण हवेत विरून जाई आणि जे मुद्रित होई तेही पुष्कळदा पुसले जाई, कारण फीत महाग होती व तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येत असे. इतिहास पुसून त्यावर पिकांवरील किडीचा कार्यक्रम घेतला असेल, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले, की मी पुढचा प्रश्न विचारायला विसरलो.

अखेर नारायण पेठेतील एक आजोबा म्हणाले, ''टेप आमच्याकडे आहे. रेडिओपुढे माइक धरून मीच घेतली.'' पोटमाळ्यावरच्या कुरडयांच्या डब्यातून सात इंची स्पूल निघाले. ते वाजवायचे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेले होते. तीन बुधवार जुना बाजार पालथा घातल्यावर एक मिळाले. ''चालू आहे साहेब, फक्त फिरत नाही,'' विक्रेता म्हणाला. उघडून पाहिले, तर आतल्या रबरी पट्ट्याची काकवी झाली होती. (ती बोटांना लागली की साबणाने जात नाही, रॉकेलने जाते.)

बाराशे फूट फीत, सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे बत्तीस मिनिटे. पहिली चार नुसती खरखर, आणि मग स्वच्छ आवाजात, ''भवति भिक्षां देहि!''

मी आजोबांकडे पाहिले.

''धाकट्याची मुंज,'' ते म्हणाले. ''फीत महाग होती हो! पूर तिच्याखाली आहे. नीट कान द्या.''

मी कान दिला. भिक्षावळ झाली, आहेर झाले, जिलबी संपल्यावरून कुणीतरी रुसलेही. चोविसाव्या मिनिटाला, पंगतीच्या गलबल्यामागून, एक धीरगंभीर आवाज खरोखरच म्हणाला, ''आकाशवाणी, पुणे...''

''अरे, तो रेडिओ बंद करा आधी!'' एक बाई कडाडल्या आणि खटका पडला.

''आमची मोठी काकू,'' आजोबा कौतुकाने म्हणाले. ''तिचं सगळे ऐकायचे.''