ढगाला आग लावण्याची शास्त्रशुद्ध रीत

आपल्या संस्थेचा सारा कारभार ‘क्लाउड’वर नेण्याचा निर्णय आपण घेतला असेल, तर आपले अभिनंदन. कागद जळतो, हे २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना लागलेल्या आगीने आपल्याला शिकवले. तेव्हा फायली संगणकात चढवाव्यात आणि निर्धास्त व्हावे; ढग पेटल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे? हा ढग प्रत्यक्षात सिमेंटच्या इमारतीत, केबलींच्या जुडग्यांत आणि बॅटऱ्यांच्या शेजारी नांदतो, असला अरसिक मुद्दा सभेत कोणी काढल्यास त्याला चहा सांगावा आणि पुढचा विषय घ्यावा.

इमारतीसाठी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवण्याची इमारत, डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. वातानुकूलनाचा खर्च वाचावा म्हणून तिथे हवा आपसूक खेळती राहील अशी रचना केली होती आणि १० मार्च २०२१ च्या रात्री त्याच रचनेने धुराड्याचे काम चोख बजावले. स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा नव्हती, बाहेरून वीज तोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे वीजपुरवठा पूर्ण बंद होण्यास सुमारे तीन तास लागले. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते; तो बॅकअप मूळ माहितीच्या शेजारीच ठेवलेला होता. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्याची ही पद्धत आपणही अवश्य अंगीकारावी.

वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या मात्र लिथियमच्याच घ्याव्यात. त्या जागा कमी खातात, आणि एकदा तापू लागल्या की एक सेल दुसऱ्याला पेटवीत जातो; आग विझवणारा वायू सोडून ज्वाळा दडपल्या तरी आतली उष्णता शिल्लक राहते आणि आग पुन्हा डोके वर काढते. त्या थंड करायला भरपूर पाणी लागते, जे सर्व्हरच्या खोलीत मारताना कोणाचाही हात कचरतो. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये हा पेच २६ सप्टेंबर २०२५ रोजी उभा राहिला. बॅटऱ्या सर्व्हरजवळ असणे धोक्याचे, हे तिथे ओळखलेले होते. म्हणूनच त्या तळघरात हलवण्याचे काम चालू होते, आणि ते चालू असतानाच एक पेटली. आग पूर्ण विझायला सुमारे २२ तास लागले आणि ७०९ सरकारी संगणकप्रणाली बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याचशा पुढे सावरल्या. सावरला नाही तो ‘जी-ड्राइव्ह’, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ऑनलाइन साठा. कामाच्या फायली कचेरीतल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवाव्यात, असा सरकारचा दंडक होता. तिथे ८५८ टेराबाइट माहिती होती, आणि ती फारच मोठी असल्यामुळे तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. (लहान माहितीची प्रत ठेवावी, मोठी देवाच्या हवाली करावी, हे सूत्र फलकावर लिहून घ्यावे.)

एवढे झाल्यावर सुरक्षेसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसवावेत. धूर पसरण्याआधीच तो ओळखणारे कॅमेरे आता मिळतात आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात ते शोभूनही दिसतात. फक्त त्यांचे चित्रण साठवणारा सर्व्हर बॅटऱ्यांच्याच खोलीत ठेवावा, म्हणजे चौकशी समितीने ते मागितले, तर समितीला कोळशाची एक पाटी नेऊन देता येते.